आधी पंखाची खोड, मग भोंगा: घरबांधणीच्या विमानावर स्टॉल स्ट्रिप आणि स्टॉल वॉर्निंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये किटवरून बांधलेलं दोन सीटचं, पत्र्याचं, लो-विंग विमान. पंख सरळ चौकोनी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) १३०० मिमी, एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) एनएसीए २३०१२, पूर्ण वजन ६०० किलो, पेट्रोलच्या टाक्या पंखाच्या मुळाशी लीडिंग एजमध्ये (पंखाची पुढची कड, म्हणजे पंखाचं नाक). ४४ नॉटला स्टॉल होतो (पंखावरची हवा सुटते आणि लिफ्ट, म्हणजे पंखाची उचल, एकदम घटते), पण आधी काहीच जाणवत नाही आणि डावा पंख एकदम खाली जातो. कुणीतरी सांगितलं की उजव्या पंखावर एक स्टॉल स्ट्रिप (पंखाच्या नाकावरची छोटी टोकदार पट्टी) चिकटवा, काम होईल. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: स्ट्रिप किती लांब आणि कुठे, स्ट्रिप लावल्यावर स्टॉलचा इशारा देणाऱ्या भोंग्याची (स्टॉल वॉर्निंगची) गरज उरते का, आणि उजळाईवाडीची (कोल्हापूर विमानतळाची) धावपट्टी समुद्रसपाटीपासून २००० फुटांवर आहे म्हणून हिशोब बदलतो का.

मुळात इथे दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरले गेलेत. स्ट्रिप पंखाची स्टॉल व्हायची रीत बदलते. भोंगा फक्त सांगतो की स्टॉल जवळ आला. एकाचं काम दुसरा करत नाही. क्रमही ठरलेला आहे: आधी विमान सरळ करा, मग स्ट्रिप, आणि सगळ्यात शेवटी भोंगा. स्ट्रिप ३ मिमी हलवली तरी स्टॉल स्पीड हलतो, म्हणजे आधी लावलेल्या भोंग्याची मार्जिन (स्टॉलच्या किती नॉट आधी तो वाजतो) बिघडते आणि ते काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

डावा पंख पडतो म्हणून उजव्याला स्ट्रिप, हा सल्ला म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पडण्याचं कारण आधी शोधा. बहुतेक वेळा ते स्ट्रिपने सुटण्यासारखं नसतंच.

पहिलं कारण म्हणजे बॉल, विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी पॅनेलवरची गोळी. तुमच्या विमानाचा प्रॉपेलर कॉकपिटमधून पाहताना उजवीकडे फिरत असेल, तर पॉवर ठेवून नाक वर घेताना विमान डावीकडे वळू पाहतं. उजवा रडर (शेपटीचं सुकाणू, पायाने चालणारं) कमी पडला की डावा पंख मागे राहतो, त्याचा वेग कमी होतो आणि तोच आधी स्टॉल होतो. त्यामुळे पॉवर ऑफ, बॉल मध्ये, असे किमान ५ स्टॉल करून बघा. पाचांत पाचही वेळा डावाच पडत असेल तरच पंखाकडे वळायचं. तीन डावे आणि दोन उजवे असतील तर दोष पंखाचा नाही, पायांचा आहे.

दुसरं कारण वजन. बाजूबाजूला सीट असलेल्या विमानात एकटा पायलट डावीकडे बसतो. ७५ किलोचा माणूस मध्यरेषेपासून २८ सेंटिमीटरवर म्हणजे २१ किलो-मीटरचा मोमेंट (विमान डावीकडे झुकवणारा जोर). त्यात डाव्या टाकीत ३० लिटर पेट्रोल जास्त असेल, तर साधारण २१.६ किलो आणि टाकीचा मध्य १.२ मीटरवर धरला तर आणखी २६. दोन्ही मिळून ४७ किलो-मीटर. हे पेलायला तुम्ही स्टिक उजवीकडे धरून ठेवता, म्हणजे डावा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची मागची हलती फळी) खाली. खाली गेलेला एलेरॉन पंखाच्या त्या भागाचा अँगल (समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन) वाढवतो, आणि स्टॉलजवळ डावं टोक आधी सुटतं. चाचणीच्या दिवशी उजवी टाकी जास्त भरा आणि स्टिक मध्ये असताना विमान सरळ उडतंय ना ते बघा. यात एक पैसाही खर्च होत नाही, म्हणूनच बहुधा हे कुणी करत नाही.

तिसरं कारण मोजमापाचं. विमान जॅकवर लेव्हल करा, दोन्ही पंखांवर प्रत्येकी तीन रिबांच्या (पंखाच्या आतल्या फासळ्यांच्या) जागी (मुळाशी, मध्ये, टोकाला) साचा ठेवा आणि त्यावर डिजिटल लेव्हल ठेवून कोन लिहून काढा. लेव्हल ०.१ अंश दाखवणारी हवी. दोन्ही पंखांत ०.२ अंशापेक्षा जास्त फरक असला तर तो आधी काढायचा. एवढ्याशा फरकाने काय होतं? हिशोब करू. ४४ नॉटजवळ १ नॉट वेग कमी झाला की लिफ्ट कोएफिशियंट (पंखाच्या उचलीचा गुणांक) साधारण साडेचार टक्के वाढावा लागतो, म्हणजे अँगल जवळजवळ १ अंशाने वाढतो. तुम्ही सेकंदाला १ नॉट या गतीने वेग कमी करत असाल, तर ०.३ अंश जास्त असलेला पंख दुसऱ्यापेक्षा पाव ते एक तृतीयांश सेकंद आधी स्टॉल होतो. २३०१२ सारख्या एअरफॉइलला तेवढा वेळ पुरतो. या मालिकेची खोडच अशी की लिफ्ट शेवटपर्यंत छान वाढत जाते आणि मग एका झटक्यात सुटते.

मोजमापात फ्लॅपही (पंखामागच्या, उतरताना खाली करायच्या फळ्या) धरा: पूर्ण वर असताना दोन्ही सारखे बसतात का, की एक २ मिमी लोंबतो. लीडिंग एजवर बोट फिरवून पुट्टीचा उंचवटा, रंगाची मास्किंग टेपने राहिलेली कड, पोचे शोधा. रंगाच्या दोन थरांची कडसुद्धा नाकावर आडवी असेल तर ती न मागता मिळालेली स्टॉल स्ट्रिपच असते.

साचा तसाही लागणार आहे, म्हणून आत्ताच नीट करून घ्या. ३ मिमीचं ॲक्रिलिक, लेझरने कापलेलं; उद्यमनगरात ड्रॉइंग दिलं तर दुसऱ्या दिवशी मिळतं. साच्यात एअरफॉइलचा पुढचा १५ टक्के भाग येऊ द्या आणि कॉर्ड लाइन (पंखाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची सरळ रेघ) नाकाला जिथे भेटते तिथे रेघ कोरून घ्या. तिला मी खाली नाकरेषा म्हणतो. सगळी मापं त्या रेषेपासून, पत्र्यावरून वळवलेल्या कागदी पट्टीने घ्यायची, सरळ फूटपट्टीने नाही. दोन्ही पंखांना एकच साचा वापरायचा, दोन केले की दोन चुका होतात.

हे सगळं करूनही स्टॉल सरळ पण मुकाट असेल, आधी काहीच थरथर नसेल, किंवा पडणं कमी झालं पण गेलं नसेल, तेव्हा स्ट्रिपची पाळी.

स्ट्रिप काय करते ते कळलं की जागा आपोआप कळते. पंखावर येणारी हवा नाकापाशी एका रेषेवर दुभंगते: काही वरून जाते, काही खालून. पुस्तकात याला स्टॅग्नेशन पॉइंट म्हणतात, आपण हवेचा भांग म्हणू. क्रूझमध्ये (सरळ प्रवासी उड्डाणात) भांग जवळजवळ नाकरेषेवर असतो. नाक वर घेत गेलात की भांग खाली आणि मागे सरकतो. मग वरून जाणाऱ्या हवेला भांगापासून निघून नाकाच्या गोलाईवरून उलटं वर चढावं लागतं. त्या वाटेत टोकदार कड आली की हवा तिथे वळू शकत नाही आणि सुटते. स्ट्रिप ही ती कड. क्रूझमध्ये भांग तिच्या टोकाजवळच असतो म्हणून ती फारशी आडवी येत नाही, आणि मोठ्या अँगलला भांग तिच्या खाली गेला की जागी होते.

यावरून नियम निघतो. स्ट्रिप वर सरकवली की ती लवकर जागी होते: थरथर लवकर, स्टॉल स्पीड जास्त. खाली सरकवली की उशिरा, कमी परिणाम. फार खाली, भांगाच्याही खाली गेली तर स्ट्रिप आहे की नाही कळतसुद्धा नाही. आणि फार वर, नाकरेषेच्या वर गेली तर क्रूझमध्येच त्रास देते. म्हणून सुरुवात खालून करायची.

आता आकार. २३०१२ च्या नाकाची गोलाई कॉर्डच्या १.५८ टक्के, म्हणजे तुमच्या १३०० मिमीला साधारण २० मिमी त्रिज्या. ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात मिळणारा १० × १० मिमीचा एल-अँगल घ्या आणि त्याची बाहेरची धार पुढे करून दोन्ही पायांवर बसवा. बसण्याची रुंदी १४ मिमी, उंची ७ मिमी. पण नाक गोल असल्याने ते अँगलच्या पोकळीत सव्वा मिमीभर शिरतं, त्यामुळे पत्र्यावरची खरी उंची पावणेसहा मिमीच्या आसपास राहते. पहिल्या प्रयोगाला हे पुरे. १२ मिमीचा अँगल घेतला तर उंची साडेसहाच्या वर जाते. तो हाताशी ठेवा, पण सुरुवात त्याने करू नका. सागाची त्रिकोणी पट्टी रंधून घेतली तरी चालते, फक्त धार गोल होऊ देऊ नका. धार बोथट केलेली स्ट्रिप निम्मं काम करते आणि मग माणूस उगाच लांबी वाढवत बसतो.

लांबी २०० मिमी, दोन तुकडे, दोन्ही पंखांना एकेक, तंतोतंत सारखे. टोकं ४५ अंशात तिरपी कापा. जागा: आतलं टोक फ्यूझलाजच्या (विमानाच्या धडाच्या) बाजूपासून ५०० मिमी. याच्या आत रूट फेअरिंगवरची (पंख आणि धडाच्या सांध्यावरच्या आवरणावरची) हवा आधीच विस्कळीत असते, तिथे स्ट्रिप वाया जाते. बाहेर जायचा मोह तर अजिबात नको. स्ट्रिपचं सगळं प्रयोजनच हे की मूळ आधी स्टॉल व्हावं आणि एलेरॉनसमोरचा भाग उडत राहावा. ती बाहेर गेली की टोक आधी सुटतं आणि स्पिनला (गरगरत खाली कोसळण्याला) आमंत्रण. आत ठेवण्याचा दुसरा फायदा असा की सुटलेली हवा शेपटीवर आदळते आणि थरथर स्टिकमधून हातात येते. टी-टेल (आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या माथ्यावर) असेल तर हे होत नाही, शेपटी त्या हवेच्या वर राहते. तुमची शेपटी खाली आहे, तेव्हा हा फायदा मिळेल.

वर-खाली जागेची सुरुवात धार नाकरेषेच्या १२ मिमी खाली ठेवून करा. मग ३-३ मिमी वर: १२, ९, ६, ३. साधारण यातल्याच एका जागी उत्तर सापडतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागाही हलवली आणि लांबीही वाढवली, तर विमान सुधारलं तरी कशाने ते कळणार नाही.

तात्पुरती स्ट्रिप चिकटवण्यात आळस करू नका, कारण एका पंखावरची स्ट्रिप हवेत सुटली तर दोन पंख दोन वेगवेगळ्या वेगांना स्टॉल होतील. पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, अँगलच्या पायांच्या कडांखाली दुहेरी फोम टेप, आणि वरून दोन्ही बाजूंनी चांगल्या प्रतीची डक्ट टेप, पत्र्यावर किमान २५ मिमी आणि अँगलच्या उतारावर अर्ध्यापर्यंत. धार टेपने झाकायची नाही. टेपची पुढची कड नखाने घट्ट दाबा, हवा तिथूनच उचलते. प्रत्येक उड्डाणानंतर दोन्ही बाजू ओढून बघायच्या, आणि टेप पुन्हा वापरायची नाही.

हवा कुठे सुटते ते डोळ्यांनी बघायचं असेल तर लोकर. ७५ ते १०० मिमीचे धागे, मागच्या खिडकीतून मोबाइलला दिसतील असे, कॉर्डच्या २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर रांगेत, मास्किंग टेपने. गडद पंखाला पांढरी लोकर, पांढऱ्याला लाल. स्टॉलजवळ मुळाकडचे धागे आधी नाचायला, उलटे फिरायला लागले आणि एलेरॉनसमोरचे शांत राहिले, तर स्ट्रिप योग्य जागी आहे. हा व्हिडिओ दहा पानांच्या नोंदींपेक्षा जास्त सांगतो.

उड्डाणाची शिस्त. एकट्याने, नाकजड सीजीने (गुरुत्वमध्य पुढे ठेवून), जमिनीपासून किमान ५००० फूट उंचीवर; कोल्हापूरला म्हणजे अल्टिमीटरवर ७००० फूट, टॉवरशी आधी बोलून. क्रम असा: पॉवर ऑफ फ्लॅप वर, पॉवर ऑफ फ्लॅप खाली, मग पॉवर ठेवून, मग ३० अंशाच्या वळणात. वेग सेकंदाला १ नॉटने कमी. सीजी मागे नेऊन पुन्हा सगळं, पण पुढच्या सीजीला विमान शहाण्यासारखं वागल्यावरच. स्पिनमधून बाहेर काढणं ज्याला या प्रकारच्या विमानावर येतं, त्याच्याच हाती स्टिक हवी. वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर थर्मल एवढे उसळतात की थरथर स्ट्रिपची की उन्हाची, ओळखता येत नाही. आणि प्रत्येक उड्डाणाआधी लीडिंग एज ओल्या फडक्याने पुसा. गळीत हंगामात पाचटाची काजळी आणि चिलटं नाकावर चिकटून वाळतात, त्यांचा खडबडीतपणा स्ट्रिपच्या परिणामात मिसळतो.

कधी थांबायचं? थरथर स्टॉलच्या ३ ते ५ नॉट आधी सुरू व्हावी. सरळ स्टॉलमध्ये साध्या कंट्रोलने पंख १५ अंशांच्या आत राहावा. अमेरिकेच्या छोट्या विमानांसाठीच्या जुन्या पार्ट २३ नियमात सर्टिफाइड विमानांना हाच आकडा होता, तुम्हाला बंधन नसलं तरी मोजपट्टी म्हणून उत्तम आहे. आणि स्टॉल स्पीड १, फार तर २ नॉटने वाढावा. जास्त वाढला तर किंमत मोजावी लागते: ४४ चा ४७ झाला तर वेगाच्या वर्गाने, म्हणजे १४ टक्क्यांनी, लँडिंगची धाव वाढते. तेवढ्यात धावपट्टी संपत नसेल, पण जबरदस्तीने शेतात उतरावं लागलं तर बांध मध्ये येतो.

सगळं करूनही एका बाजूला थोडं पडत असेल तर मग, आणि फक्त मगच, एका बाजूची स्ट्रिप दुसरीपेक्षा ३ मिमी वरखाली ठेवायला माझी हरकत नाही. कारखान्यातल्या विमानांवरही स्ट्रिपा नवलाईच्या नाहीत: बोनान्झा, ग्रमन, पायपर टॉमाहॉक, सगळ्यांवर दिसतात. पण एकाच पंखावर एकच स्ट्रिप, हे मी करणार नाही. पॉवर ऑफला ती जुळवली तरी पॉवर ऑनला आणि फ्लॅपला ती जुळत नाही.

कायमची बसवताना तुमच्या बाबतीत मोठी अडचण टाकीची आहे. मुळाशी लीडिंग एज म्हणजेच टाकी, तेव्हा तिथे ड्रिल लावायचंच नाही. स्ट्रिपचा तळ आणि पत्रा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा, आणि टाकीला वापरलेलंच पॉलिसल्फाइड सीलंट किंवा स्ट्रक्चरल इपॉक्सी लावून बसवा, वाळेपर्यंत टेपने आवळून ठेवा. एल-अँगलची पोकळी बंद करू नका, खालच्या टोकाला ५ मिमीची फट राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी साठून पत्रा गंजतो. टाकी नसलेल्या भागात ३.२ मिमीचे ब्लाइंड रिव्हेट चालतात, पण लीडिंग एजचा पत्रा पंखाचं पिळवटणं पेलतो. नाकावर भोकांची रांग पाडण्याआधी किटच्या डिझायनरला विचारा. शिवाय परवाना ज्या आराखड्यावर मिळाला त्यातला पंखाचा आकार तुम्ही बदलताय. लॉगबुकात मापांसह नोंद आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवान्यातल्या अटींप्रमाणे कळवणं, हे आधी, रंग नंतर.

आता भोंगा. स्ट्रिपची थरथर चांगली मिळाली तरी मी तो लावतोच. पॉवर ऑनमध्ये प्रॉपेलरचा झोत मुळावरून वाहतो आणि मुळाचा स्टॉल लांबवतो, नेमकी तेव्हाच थरथर पुसट होते. टेकऑफनंतरच्या चढाईत स्टॉल झाला तर सावरायला उंची नसते, आणि तिथेच स्ट्रिप सगळ्यात कमी बोलते.

वेगावर वाजणारा इलेक्ट्रॉनिक बझर करू नका, कितीही सोपा वाटला तरी. ६०० किलोला ४४ नॉटचा स्टॉल ४८० किलोला साधारण साडेएकोणचाळीसला येतो, आणि ४५ अंशांच्या वळणात ६०० किलोलाच ५२ ला. वेग बदलतो, अँगल तोच राहतो. म्हणून भोंगा अँगलवर चालणारा हवा. लिओनार्ड ग्रीन यांनी १९४६ मध्ये सेफ फ्लाइट कंपनी काढली ती याच कल्पनेवर: पंखाच्या नाकाशी एक छोटी जीभ, म्हणजे व्हेन, आणि तिच्यामागे स्विच. भांग जिभेच्या वर असतो तोवर तिच्यावरून हवा खाली वाहते आणि ती खाली दबलेली राहते. अँगल वाढून भांग जिभेच्या खाली गेला की हवा तिला वर उचलते, स्विच लागतो. भांग तुम्ही स्ट्रिपच्या वेळी समजून घेतलाच आहे, इथे तोच.

किती आधी वाजावा? जुना पार्ट २३ म्हणतो किमान ५ नॉट. ४४ ला स्टॉल असेल तर ५० ला वाजावा असं धरा. लिफ्ट कोएफिशियंट १.५ कमाल असेल तर ५० नॉटला तो १.१६, फरक ०.३४, म्हणजे साधारण ४ ते ५ अंश आधी. १० नॉट आधी वाजणारा भोंगा प्रत्येक लँडिंगला ओरडत राहतो आणि महिन्याभरात कान त्याला सरावतात, मग तो असून नसल्यासारखा.

जीभ घरी करायची का? पत्र्याची जीभ उद्यमनगरात अर्ध्या दिवसात होईल, अडचण स्विचची आहे. ५० नॉटला हवेचा दाब सुमारे ४०० पास्कल. १५ × २५ मिमीच्या जिभेवर तो पूर्ण लागला तरी जोर १५ ग्रॅम, आणि उलटायच्या क्षणी तर त्याहून खूप कमी. साध्या मायक्रोस्विचच्या बटणाला शंभराच्या वर ग्रॅम लागतात. त्यामुळे लांब लिव्हरचा, ५ ग्रॅमच्या आसपास लागणारा स्विच शोधा, किंवा सरळ तयार युनिट घ्या. मी तयारच घ्यायला सांगेन, कारण त्यात पाणी बाहेर काढायची सोय आणि जिभेचा तोल दोन्ही साधलेलं असतं.

प्लेटची भोकं उभी लांबट ठेवा, वर-खाली ६-६ मिमी सरकेल इतकी. जीभ वर सरकवली की भोंगा लवकर, खाली सरकवली की उशिरा. दर वेळी दीड-दोन मिमीच हलवा. जागा डाव्या पंखावर, प्रॉपेलरच्या झोताबाहेर, स्ट्रिपच्या बाहेरच्या टोकापासून किमान ३०० मिमी दूर, कारण स्ट्रिपजवळचा भांग खरा नसतो. टाकीबाहेरच्या बेमध्ये, दोन रिबांच्या मध्ये, कापलेल्या खिडकीचे कोपरे ६ मिमी त्रिज्येने गोल आणि आतून डबलर (मजबुतीचा जोडपत्रा). शक्यतो फ्लॅपसमोर: फ्लॅप खाली गेला की तिथला भांगही सरकतो आणि मार्जिन बरीचशी आपोआप जुळते. एलेरॉनसमोर लावली तर फ्लॅप वर आणि खाली अशी दोन वेगळी मार्जिन मिळतात. यासाठीच काही पायपर विमानांवर दोन-दोन जिभा असतात. पहिली जागा किटच्या ड्रॉइंगमध्ये नसेल तर लोकरीचे ३० मिमीचे धागे नाकापासून खाली ५-५ मिमीवर लावा, टाय-डाउन रिंगवर (विमान बांधायच्या पंखाखालच्या कडीवर) पुढे तोंड करून छोटा कॅमेरा दोरीसकट बांधा, आणि ५० नॉट स्थिर धरून उडा. ज्या धाग्याच्या वरचे वर वळतात आणि खालचे खाली, तिथे त्या वेगाचा भांग आहे. जीभ तिथेच.

वायर २२ गेज, १ अँपिअरचा फ्यूज, पंखाच्या मुळाशी कनेक्टर. बझर पॅनेलमागे ठेवलात तर इंजिनच्या आवाजात ऐकू येणार नाही, ऑडिओ हेडसेटमध्ये द्या. उड्डाणपूर्व तपासणीत मास्टर चालू करून बोटाने जीभ उचलायची. हळूच, धरून वर ओढायची नाही.

वायर नकोच असेल तर दुसरा जुना प्रकार आहे: सेस्ना १५० आणि १७२ वरचा पुंगीसारखा वाजणारा. नाकावर एक फट, तिथून नळी कॉकपिटमध्ये, नळीच्या तोंडाशी पेटीच्या सुरासारखी पितळी रीड. भांग खाली गेला की फटीवर दाबाऐवजी ओढ येते, कॉकपिटची हवा रीडमधून नळीत खेचली जाते आणि ती वाजते. बॅटरी लागत नाही, अँगलवर चालतो, आणि जवळ येणाऱ्या स्टॉलबरोबर आवाज चढत जातो, हे मला जिभेपेक्षा आवडतं. मिरजेहून पेटीची रीड आणून लावायचा विचार करत असाल तर तिची जीभ असलेली बाजू कॉकपिटकडे हवी, नाहीतर वाजणारच नाही. बसवण्याआधी नळीला पाण्याची यू-ट्यूब जोडून ओढून बघा: पाण्याच्या ४० ते ५० मिमी ओढीला खणखणीत वाजली पाहिजे. ५० नॉटचा ४०० पास्कल दाब म्हणजे ४१ मिमी पाणी, त्यावरून हा आकडा. एखादा सांधा गळत असेल तर रीड उशिरा वाजते आणि माणूस फट हलवत बसतो. आधी नळी तपासा.

उंचीचं शेवटी. स्ट्रिप, जीभ आणि फट, तिन्ही अँगल ओळखतात, आणि तुमचं एअरस्पीड इंडिकेटर हवेचा दाब ओळखतं. त्यामुळे समुद्रसपाटीला दाखवलेला ४४ नॉट उजळाईवाडीलाही ४४ च दाखवेल, वेगळं काही सेट करायचं नाही. बदलतो तो जमिनीवरचा खरा वेग. एप्रिलच्या दुपारी ३७ अंशाला इथली डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) ५००० फुटांच्या आसपास जाते, खरा वेग ७ ते ८ टक्के आणि धाव साधारण १६ टक्के वाढते. कोल्हापूरला खरा फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने: पावसाळ्यात विमान महिनाभर उभं राहिलं की कुंभारीण माशी रीडच्या फटीत मातीचं घर बांधते. फटीवर लाल कापडाची गुंडी लावून ठेवा, आणि ती काढल्यावर स्वच्छ रुमाल लावून तोंडाने ओढून रीड वाजते का ते ऐका.